डॉमिनिकाला शिडाच्या बोटीने जायचं असेल तर

कॅरिबियनमध्ये शिडाची बोट घेऊन उत्तरेकडे निघालेले बरेच जण मार्टिनिक हे फ्रेंच बेट सोडतात, डॉमिनिकाच्या पश्चिम किनाऱ्याने इंजिन चालवत वर सरकतात आणि पुढच्या फ्रेंच बेटांवर जाऊन नांगर टाकतात. मधल्या बेटाची त्यांना आठवण राहते ती एवढीच, की उजव्या हाताला एक हिरवा डोंगर होता आणि त्याचा माथा ढगात होता. विचारलं तर सांगतात, तिथे पांढरी वाळू नाही, मोठा मरीना नाही, पाऊस फार. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन रात्री राहून पुढे पळालो. दुसऱ्यांदा नऊ रात्री राहिलो. पहिली खेप फुकट घालवली हे तेव्हा कळलं. या बेटाला समुद्रावरून धावती भेट देण्यात काही मजा नाही. बोट एका जागी बांधायची, ती जागा म्हणजे वायव्येचा पोर्ट्समथचा उपसागर, आणि तिथून पायी, वल्ह्याने आणि गाडीने आत शिरायचं. ते कसं करायचं ते सांगतो.

एक घोळ आधी मिटवू. हे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. तो स्पॅनिश बोलणारा देश दूर, हैतीला चिकटून आहे. आपलं बेट ग्वादलूप आणि मार्टिनिक यांच्या मध्ये, ७५० चौरस किलोमीटरचं, इंग्रजी आणि क्वेयोल ही फ्रेंचवरून आलेली स्थानिक बोली बोलणारं. नावाचा उच्चार 'नी'वर जोर देऊन करतात: डॉमिनीका. बोटीचा सुटा भाग कुरिअरने मागवणार असाल तर देशाचं नाव दोनदा तपासा. दुसऱ्याच बेटावर पोहोचलेल्या पंपांच्या कहाण्या प्रत्येक नांगरवाड्यात ऐकू येतात.

कधी निघायचं

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात तिकडे फिरकू नका. तुम्ही म्हणालात तरी विमा कंपनी बहुधा नाही म्हणेल. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट या बेटावरून गेलं आणि बहुतेक घरांची छपरं घेऊन गेलं. त्या रात्रीबद्दल लोक अजूनही आवाज खाली आणून बोलतात.

डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचे व्यापारी वारे जोर धरतात. 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात त्यांना. पंचवीस-तीस नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, वारा आठवडाभर थांबत नाही. अनुभवी माणसं सोबत असतील तर हरकत नाही. पहिलीच वेळ असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा काळ धरा. वारा पंधरा ते वीस नॉटवर येतो आणि डोंगरातल्या वाटाही जरा कोरड्या होतात. जरा म्हणजे जराच. आंबोलीत जून काढलेल्या माणसाला त्यातला फरक कळेल.

कागदं

भारतीय पासपोर्टवाल्यांना डॉमिनिकात पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडचण शेजाऱ्यांची आहे. मार्टिनिक आणि ग्वादलूप हा फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनचा, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या पट्ट्याचा, नाही. त्यामुळे युरोपसाठी काढलेला साधा शेंगेन व्हिसा तिथे चालेलच असं समजू नका. फ्रेंच सागरपार प्रदेशांसाठी वैध असा व्हिसा मागून घ्यावा लागतो. अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले आपले बरेच लोक मार्टिनिकच्या ल मारँ गावातून बोट भाड्याने घेतात. त्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी हे पाहावं. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या महिन्यात दूतावासाचं पान पुन्हा वाचा. बोट भाड्याची असेल तर ती डॉमिनिकाला न्यायची परवानगी करारात लिहून घ्या. तोंडी 'हो' उपयोगाचं नाही.

बोटीवर एका जलरोधक पिशवीत ठेवा: बोटीची नोंदणी, विमा, सर्वांचे पासपोर्ट, खलाशांची यादी चार प्रतींत आणि मागच्या बंदरातून बाहेर पडल्याचा कागद. फ्रेंच बेटांवर हा शेवटचा कागद तुम्हीच संगणकावर भरता आणि छापून घेता. हा संगणक कधी एखाद्या दुकानात असतो, कधी कॅफेत. तो फ्रेंच कळफलक आपल्या बोटांना सवयीचा नसतो, घाई करू नका. माझं आडनाव तिथे दोनदा चुकलं होतं, आणि दोन्ही वेळा चूक माझीच. डॉमिनिकासाठी 'सेलक्लियर' या संकेतस्थळावर आदल्या दिवशीच माहिती भरून ठेवली की कस्टममधला अर्धा वेळ वाचतो.

खाडी ओलांडताना

उत्तरेकडून, म्हणजे ग्वादलूपजवळच्या सेंटस बेटांवरून येत असाल तर पोर्ट्समथ साधारण वीस सागरी मैल. पाच नॉटने चार तास. दक्षिणेकडून मार्टिनिकच्या सँ-पियेरहून राजधानी रोझो पस्तीसेक मैल, आणि रोझोहून पोर्ट्समथ आणखी अठरा-वीस. हे सगळं एका दिवसात रेटायचं तर पहाटे अंधारात निघावं लागतं. मी म्हणेन, रोझोला एक रात्र काढा. तिथे तळ किनाऱ्यापासून झपकन खोल जातो, नांगर धरत नाही. तेव्हा मूरिंगचा बोया, म्हणजे तळाला पक्का बांधलेला तरंगा, घ्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, दोन बेटांमधल्या खाडीत प्रवाह पश्चिमेकडे ओढतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ मुक्कामाकडे ठेवली तर दोन तासांनी बेट वाऱ्याच्या दिशेला राहिलेलं दिसतं आणि मग वाऱ्याशी भांडत वर चढावं लागतं. सुरुवातीपासूनच पूर्वेला दहा-पंधरा अंश जास्त धरा. ते अंश नंतर हवे तेव्हा खर्च करता येतात, उधार मात्र मिळत नाहीत.

दुसरी, डोंगराचा आडोसा फसवतो. मी सँ-पियेरहून निघालो तेव्हा माँ पेले डोंगराच्या सावलीत पाणी तळ्यासारखं होतं. पूर्ण शीड चढवलं, कांदेपोहे केले, कढई तशीच शेगडीवर. बेटाचं टोक सुटलं आणि दहा मिनिटांत वारा पंचवीसवर. बोट आडवी झाली, कढई उडाली. पुढचे चार तास आम्ही शेंगदाणे आणि हळद तुडवत होतो. फळ्यांच्या फटीतून मोहरी तर महिनाभर निघत होती. म्हणून आडोशात असतानाच शीड एक घडी आखडा, खालचं सगळं बांधून ठेवा आणि मगच टोक ओलांडा. आखडलेलं शीड केव्हाही मोकळं करता येतं.

किनाऱ्याजवळ मच्छीमारांच्या सापळ्यांचे तरंगे असतात. पुष्कळदा ती नुसती रिकामी प्लास्टिकची बाटली असते, दोरीला बांधलेली. इंजिनाच्या पंख्यात दोरी गुंतली की आडोशात वाराही नाही आणि इंजिनही नाही. एकाला नाळेवर बसवा, आणि हा पट्टा उजेडातच पार करा.

उपसागरात शिरताना

पोर्ट्समथचा प्रिन्स रुपर्ट उपसागर रुंद आणि सुरक्षित. उत्तरेला कॅब्रिट्सच्या दोन टेकड्या, मागे १,४४७ मीटरचा मोर्न दियाब्लोतँ. तुम्ही अजून शीड उतरवत असता तेवढ्यात एक लाकडी होडी जवळ येते. घाबरायचं कारण नाही. नव्वदच्या दशकापर्यंत या 'बोट बॉईज'च्या गोंगाटामुळे बोटी इथे थांबायला कंटाळायच्या. मग स्थानिक वाटाड्यांनीच एकत्र येऊन पोर्ट्समथ असोसिएशन ऑफ यॉट सिक्युरिटी काढली. आद्याक्षरांचा उच्चार 'पेज'. कोकणातल्या माणसाला भूक लागावी असं नाव. हेच लोक रात्री गस्त घालतात, बोये सांभाळतात आणि रविवारी किनाऱ्यावर भाजलेल्या मासळी-कोंबडीची पंगत घालतात. सोबत रम पंच असतो. तो गोड लागतो म्हणून तीन ग्लास पिऊ नका, परत डिंगी, म्हणजे बोटीवर जायची छोटी होडी, चालवायची आहे.

आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. या बेटावर दुकानात, बसमध्ये, कस्टममध्ये, कुठेही नमस्काराशिवाय प्रश्न विचारणं उद्धटपणा समजतात. भाव आणि पैसे नंतर. ज्याने पहिल्यांदा तुमची दोरी धरली तो सहसा मुक्कामभर तुमचा माणूस होतो. नदी, गाडी, डोंगर, गॅसची टाकी, सगळं त्याच्यामार्फत. दुसरा कोणी आला तर त्याचं नाव सांगा, विषय मिटतो. एकाला हो म्हणून दुसऱ्याकडून स्वस्तात काम करून घ्यायचा पुणेरी व्यवहार इथे करू नका. संध्याकाळपर्यंत सगळ्या उपसागराला कळतं.

बोया घेताना त्याच्या कडीत आपली दोरी ओवा आणि दोन्ही टोकं नाळेवरच्या दोन वेगळ्या खुंट्यांना बांधा. मग चष्मा लावून पाण्यात उतरा आणि खालची साखळी स्वतः बघा. नांगरच टाकायचा असेल तर समुद्रगवतातला वाळूचा मोकळा तुकडा शोधा. पाच मीटर खोलीला किमान पंचवीस मीटर साखळी सोडा आणि इंजिन उलटं चालवून पकड तपासा. रात्री डोंगरावरून अचानक वाऱ्याचे झोत उतरतात. निवांत संध्याकाळ पाहून साखळी आखूड ठेवली तर मध्यरात्री सदऱ्याशिवाय डेकवर धावावं लागतं.

पिवळा झेंडा खाली येईपर्यंत

पिवळा झेंडा चढवा, सरकारी कागद व्हायचे बाकी आहेत याची ती खूण. तो उतरेपर्यंत फक्त कॅप्टनने किनाऱ्यावर जायचं, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. अंगावर नीट कपडे, पायात चप्पल. ओली बर्म्युडा आणि उघडं अंग घेऊन सरकारी कचेरीत कुणी जात नाही, आपल्याकडेही नाही. लष्करी नक्षीची हिरवी-तपकिरी चड्डीही घालायची नाही. डॉमिनिकात सामान्य माणसाने अशा लष्करी नक्षीचे कपडे घालणं हा गुन्हा आहे. ते बॅगेतूनच काढून घरी ठेवा.

थोडे दिवस राहून तेच लोक परत जाणार असतील तर आत येण्याचं आणि बाहेर पडण्याचं काम बऱ्याचदा एकाच फेरीत होतं. काउंटरवर तसं विचारा. शनिवार-रविवारी किंवा सुट्टीला जादा आकार पडतो. कागद हातात पडले की पिवळा उतरवून डॉमिनिकाचा झेंडा उजव्या बाजूला चढवा. हिरव्या कापडावर तिरंगी क्रॉस, मध्ये लाल वर्तुळात सिसेरू पोपट. पूर्व कॅरिबियन डॉलर वापरतात. १९७६पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर पक्का आहे. सुटे जवळ ठेवा, होडीवाल्याकडे पन्नासच्या नोटेची मोड नसते.

डिंगी रात्री पाण्यात सोडू नका. शिडाच्या दोरीने उचलून बोटीच्या कुशीला टांगा आणि पोलादी तारेने कुलूप लावा. हे इथल्या लोकांवरच्या अविश्वासापोटी सांगत नाही, सगळ्या कॅरिबियनमध्ये असंच करतात.

वल्ह्याची नदी

पहिली सकाळ इंडियन रिव्हरची. तुमच्या डिंगीने जायचं नाही. इंजिन बंदी आहे, वाटाड्या वल्ही मारतो. सहाला निघा. नऊनंतर जहाजांतून उतरलेले पाहुणे येतात आणि नदी बोलू लागते.

पुलाखालून आत गेलं की समुद्र दोन मिनिटांत विसरला जातो. पाणी चहाच्या रंगाचं. दोन्ही काठांवर ब्लडवूडची झाडं, त्यांची मुळं भिंतीसारखी उभी आणि पिळदार, पाण्यात उतरलेली. आमच्या वाटाड्याने वल्हं आडवं ठेवलं, एका जुन्या खाचेकडे बोट दाखवलं. सालीवर गडद लाल थेंब जमून वाळला होता. मी म्हटलं, हे आमच्याकडे आहे. त्याला वाटलं मी गंमत करतोय. पण खरंच ते झाड आपल्या बिबळा या झाडाच्या आणि रक्तचंदनाच्या कुळातलं. बिबळ्याला घाव घातला की असाच लाल डिंक येतो. मुळांच्या बेचक्यांतून खेकडे डोकावतात, वरच्या फांदीवर इग्वाना उन्हाची वाट बघत पडलेली असते. बेटावर विषारी साप नाहीत, तेव्हा फांदी अंगाला लागली तरी दचकू नका.

किनाऱ्यावर मात्र एका झाडापासून दूर राहा: मँचिनील. लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, वास गोड. फळ खायचं नाही, चिकाला हात लावायचा नाही आणि पावसात त्याखाली उभंही राहायचं नाही. टपकणाऱ्या पाण्याने कातडीवर फोड येतात. मुलं सोबत असतील तर उतरल्या उतरल्या वाटाड्याला ते झाड दाखवायला सांगा.

दुपारी कॅब्रिट्सवर चढा. अर्ध्या तासात फोर्ट शर्ली. तटावरून उत्तरेला पाहिलं की सेंटस दिसतात. तिथल्याच पाण्यात १२ एप्रिल १७८२ रोजी इंग्रजांनी फ्रेंच आरमार फोडलं. मला त्याहून मोठी वाटते ती १८०२ची गोष्ट. ब्रिटिशांच्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या आफ्रिकन सैनिकांनी पुन्हा गुलामीत विकले जाण्याच्या धास्तीने बंड करून हा किल्ला तीन दिवस ताब्यात ठेवला. बंड मोडलं, पण १८०७मध्ये ब्रिटिशांना आपल्या अशा सगळ्या सैनिकांना गुलामीतून मुक्त करावं लागलं.

उकळतं तळं

बॉयलिंग लेक बघायचा हा दिवस शरीराला महाग पडतो. लोदा गावाजवळच्या तितू घळीपासून जाऊन-येऊन सहा ते आठ तास, आणि पोर्ट्समथहून तिथवर पोहोचायलाच गाडीने दोनेक तास. पहाटे पाचला किनाऱ्यावर असा. वाटाड्या घ्याच. गंधकाच्या वाफांच्या व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये वाट खडकांवर पुसली जाते आणि पायाखाली कुठे पाणी नुसतं कोमट, कुठे पोळणारं, हे त्यालाच माहीत असतं.

काय न्यावं: पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, एक कोरडा सदरा प्लास्टिकमध्ये. काय काढून ठेवावं: चांदी. पैंजण, जोडवी, साखळी, सगळं. गंधकाच्या वाफेने ते काळं पडतं. माझ्या बायकोची जोडवी परत येईपर्यंत तव्यासारखी झाली होती आणि तो दोष अजून माझ्याच खात्यावर आहे.

तळं साठेक मीटर रुंद, राखाडी-निळं, मध्यावर सतत उकळी. वाफ दाट असते, कठड्यावर बसून वाट बघावी लागते. वारा फिरला की दहा सेकंद दिसतं, पुन्हा पडदा. २००४-०५मध्ये ते काही काळ जवळजवळ आटलं होतं, मग पुन्हा भरलं. परतताना तितू घळीच्या थंडगार पाण्यात उतरा. गुडघे तुमचे आभार मानतील. दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा.

बाजार आणि पूर्व किनारा

शनिवारी पहाटे पोर्ट्समथचा बाजार. सातनंतर चांगला माल संपतो. इथे मराठी माणूस घरी आल्यासारखा होतो. डॅशीन म्हणजे अळूचाच कंद, आणि त्याच्या पानांचं नारळाच्या दुधातलं, बहुधा खेकडा घातलेलं सार म्हणजे कॅलालू, इथला राष्ट्रीय पदार्थ. मी दोन जुड्या घेतल्या, चिंच आणि शेंगदाणे बोटीवर होतेच, संध्याकाळी फदफदं केलं. शेजारच्या बोटीवरच्या फ्रेंच जोडप्याने वाटी परत पाठवली ती रिकामी. पानं नीट शिजवा, घसा इथेही खाजतो. नीरफणसाचे काप तव्यावर मीठ-तिखट लावून भाजा.

पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणू नका. घडीत झुरळांची अंडी असतात. माल धक्क्यावरच पिशवीत ओता.

एक दिवस गाडी करून पूर्वेला कालिनागोंच्या, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, प्रदेशात जा. बोट घेऊन नको, त्या किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात. १९०३मध्ये ३,७०० एकर जमीन कालिनागोंसाठी राखली गेली. ३ नोव्हेंबर १४९३च्या रविवारी कोलंबसने बेटाला डॉमिनिका नाव दिलं, त्याआधी ते त्यांचं वाइतुकुबुली होतं: 'उंच आहे तिचं शरीर'. रस्त्याकडेच्या शेडमध्ये कसावाचा कीस पिळून, रुंद तव्यावर त्याची भाकरी भाजतात. हा आपल्या साबुदाण्याचाच कंद. तव्यावरून उतरलेला गरम तुकडा हातात घेतला की वास थेट उपवासाच्या थालीपिठाचा येतो. तिथेच लारूमा या वनस्पतीच्या कांबीच्या टोपल्या मिळतात. भाव करू नका. एका टोपलीला किती दिवस लागतात ते विचारा, मग किंमत आपोआप पटते.

निघताना

आदल्या संध्याकाळी हवामान पाहा, होडीवाल्याचा हिशेब चुकता करा, पाण्याच्या टाक्या भरा. इथलं पाणी गोड आहे. डिंगीचं इंजिन काढून कठड्याला लावा. उत्तरेला सेंटसकडे निघालात तर वारा बाजूने लागेल, येतानापेक्षा सोपं. तरी कॅब्रिट्सचं टोक ओलांडण्याआधी शीड एक घडी आखडलेलं असू द्या.

आणि कोणी केळीचा अख्खा घड भेट दिलाच, देतातच, तर तो आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून हलवून काढा, किडे निघून जातात. मग मागच्या कठड्याला उलटा टांगा. तीन दिवस तो हिरवा ढिम्म असतो. चौथ्या दिवशी सगळी केळी एकदम पिकतात. साखर, वेलची, तूप आणि रवा काढून ठेवा, शिरा करावाच लागतो.